टोळ-वटवट्या : एक

रात्रपाळी सुटली की गोदामाची बस
पीटरबरोच्या अलीकडे मला सोडते.
इथे जुन्या खडीच्या खाणी, त्यांत साठलेलं पाणी,
काठाने उगवून आलेलं बोरूचं रान.
फाटकावर पाटी : कुत्री दोरीला बांधा.
बाकी कुणाला काही बजावलेलं नाही.

जूनचा पहिला आठवडा. सहालाच ऊन मानेवर.
विलोचा कापूस उडतोय
पाण्यावर, बाकावर, माझ्या पिवळ्या जाकिटावर.
मी तो झटकत नाही.
इचलकरंजीत लहानपणी आम्ही सगळेच
असे पांढरे होऊन घरी यायचो.

लपणात ऑसगुड आधीच बसलेला.
वय ब्याऐंशी. थर्मास. वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.
एकतीस उन्हाळे तो इथले पक्षी मोजतोय.
शेंडीची टिबुकली, एक; तिच्या पाठीवर तीन पिल्लं,
लेंग्याच्या कापडासारखी पट्ट्यापट्ट्यांची.
तराफ्यावर सुरय, नऊ.
टाचण्या मोजायच्या नाहीत, म्हणतो, नुसत्या बघायच्या.
एक निळी टाचणी पानावरच येऊन बसते.
ती उठेपर्यंत तो पान उलटत नाही.

मग माझ्याकडे वळतो.
"येतंय ऐकू?"

एक पक्षी आहे, तो दिसत नाही.
काटेरी झुडपाच्या बुडाशी उंदरासारखा पळतो
आणि एकच बारीक स्वर सोडत राहतो, श्वास न घेता.
म्हातारपणी असे स्वर आधी जातात.
ऑसगुडच्या कानातून तो गेला त्याला सहा वर्षं झाली.
पहिल्या वर्षी त्याला वाटलं, पक्षीच गेला.
वहीत शून्य मांडलं,
झुडपं फार छाटली म्हणून समितीशी भांडला, पत्रं लिहिली.
मग सहलीला आलेली एक शाळकरी पोरगी म्हणाली,
हा काय, ओरडतोय की.

मला नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं होतं,
दोन गल्ल्या पलीकडे कांडी मशीन चालू असावं तसं.
त्याला कांडी मशीन कुठलं ठाऊक?
मी बोटांनी दाखवलं : गरगरणारी कांडी, भरत जाणारं सूत.
त्याने लिहिलं : टोळ-वटवट्या, एक.
शेजारी ऐकणाऱ्याचं नाव : एस. मगदूम.

माझ्या बापाचे कान मागांनी नेले, पंचेचाळिशीत.
म्हणून मला येतं,
समोर बसावं, ओठ दिसू द्यावेत,
ओरडू नये. ओरडलं की चेहरा रागावतो
आणि शब्द पोचत नाहीत ते नाहीतच.
माझं इंग्रजी तोडकं. ऑसगुडला तेच बरं पडतं.

आज मी ऐकतेय.
बोरूत बाकीच्या वटवट्यांचा बाजार.
लांब कुठे कुकू, दोनदाच.
हमरस्त्याची घरघर.
कांडी नाही.
पाच मिनिटं. दहा.
त्याची पेन्सिल ओळीवर टेकलेली.
'आहे' म्हणायला काय लागतं, दोन अक्षरं.
बापाला मी कितीदा म्हटलंय,
लग्नात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते.

मी मान हलवली. नाही.

त्याने शून्य काढलं,
सावकाश, दोन्ही टोकं नीट जुळवून.
शेजारी पुन्हा माझं नाव.
मग थर्मासच्या झाकणात मला चहा दिला, बिनसाखरेचा,
नेहमीसारखाच वाईट.

परतताना वाहनतळाच्या वळणावर मी थबकले.
बारीक, सलग, न तुटणारं काही.
ऑसगुडला ऐकू आलं नाही, पण त्याने माझा चेहरा पाहिला
आणि उभ्या उभ्या वही उघडली.
तेवढ्यात झुडपामागून, उतारावरून,
पायडल न मारता एक पोरगा आला,
दोन्ही पाय हवेत.

"सायकल," मी म्हणाले, ओठ नीट दाखवत.

तो खो खो हसला, खोकला येईपर्यंत.
वही मात्र त्याने
लगेच मिटली नाही.